त्या रविवारची तीन गाणी

ही गोष्ट माझ्याखेरीज आणखी दोघांना ठाऊक असावी असा मला संशय आहे. त्या दोघांपैकी एकाशीही मी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही. नवऱ्याला सांगितलेली नाही. मैत्रिणींना तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या डिसेंबरात सोलापुरात एका लग्नात जे झालं, तेव्हापासून मला धड झोप नाही म्हणून असेल. पण लग्नाचं शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही हसाल — सगळेच हसतात.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. माझं काम म्हणजे इतरांनी भरलेले कागद तपासणं. कुणी किती वाजता कोणता व्हॉल्व्ह उघडला, तापमान किती होतं, सही कुणाची. आमच्याकडे चूक झाली तर ती खोडायची नसते. एकच रेघ मारायची — खालचं वाचता आलं पाहिजे — आणि बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर आत आणायलाच बंदी. नवीन मुलं कामाला लागतात तेव्हा हे त्यांना मीच शिकवते, आणि फार कडक शिकवते. चुकीला शिक्षा नाही, लपवाछपवीला आहे, असं ठणकावून सांगते. माझ्या तोंडी हे शोभतं का? तीन वर्षं झाली, हे वाक्य म्हणताना दर वेळी माझे कान गरम होतात.

तर टँगो. पाच वर्षांपूर्वी मी टँगो शिकायला लागले. चाळिशीत इथे प्रत्येक जण काहीतरी धरतोच — कुणी गारठलेल्या समुद्रात पोहतं, कुणी महागडी सायकल घेतं, आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक मॅरेथॉन पळतात. मी टँगो धरला. दर रविवारी दुपारी तीन ते सहा, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. कोपऱ्यात चहाची किटली, स्कोन, कुणीतरी घरून करून आणलेला लिंबाचा केक. बाहेर बहुधा पाऊस. आणि स्पीकरवर ब्युनॉस आयर्समधली जुनी गाणी. दुपारी चहा पीत आम्ही ज्या गाण्यांवर नाचायचो, त्यांत मात्र कायम रात्र असायची.

त्यांतली पुष्कळशी गाणी एकाच बाईची आहेत असं मला वाटतं. गरीब वस्तीतली मुलगी. दिसायला देखणी. एक दिवस ती झगमगीत कॅबरेत जाते, रेशीम येतं, शँपेन येतं, मोटारीतून फिरवणारे पुरुष येतात. तिचं नावसुद्धा बदलतं. मग दहा वर्षांनी गाणारा माणूस तिला कुठेतरी पाहतो — पहाटे, रस्त्यावर, उतरलेल्या रंगात — आणि त्याचा जीव तुटतो. किंवा तो तिला टोमणे मारतो आणि मग त्याचा जीव तुटतो. मला ही गाणी ऐकून रडू यायचं. अगदी खरं रडू. केवळ त्या गाण्यांसाठी मी फोनवर स्पॅनिश शिकले, आणि दर आठवड्याला एका गाण्याचा अर्थ आमच्या टँगोच्या ग्रुपवर लिहून टाकू लागले. लोकांना ते आवडायचं. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, तुला हे इतकं आतून कसं कळतं?

मी म्हणाले, माझी आई गायिका होती. शास्त्रीय.

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खोटं. आई ऑर्केस्ट्रात गायची. गणपतीत, नवरात्रात, साखर कारखान्यांच्या समारंभांत, कुठकुठल्या मंडळांच्या वर्धापनदिनाला. सोलापूर, पंढरपूर, विजापूर, लातूर. तिथे बायका दोन असायच्या. एकीला नायिकेची गोड गाणी आणि सुरुवातीचं भक्तिगीत. दुसरीला क्लबमधली गाणी. आई दुसरी. काळी टिकल्यांची साडी, सोनेरी सँडल, गडद लाल लिपस्टिक. शिट्ट्या तिलाच पडायच्या. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. कार्यक्रम असला की तेच मला खिचडी करून घालायचे आणि तक्रारीचा सूर काढायचे नाहीत. शाळेत मात्र मी ‘ऑर्केस्ट्रावालीची’ होते. आई पस्तिशीची झाली तेव्हा मालकाने एकोणीस वर्षांची एक मुलगी आणली आणि आईला म्हणाला, बाई, आता तुम्ही मागे कोरसला उभ्या राहा. आई दोन कार्यक्रम राहिली मागे उभी. मग साडी ट्रंकेत ठेवली आणि घरी फॉल-पिकोचं काम घ्यायला लागली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला काय वाटलं होतं सांगू? सुटले बाई, असं.

म्हणजे बघा. परक्या देशातल्या, न पाहिलेल्या, कदाचित नसलेल्याच एका बाईसाठी मी रविवारी डोळे पुसत होते. आणि जिची ती सगळी कथा मी घरात बघितली होती, तिला मी शास्त्रीय करून टाकलं होतं. मराठी मंडळात तर त्याहून पुढे — तिथे मी सांगितलं होतं, आई भजनं म्हणते. तिथले बहुतेक लोक पुण्या-मुंबईचे, आयटीतले. कुणी मला कधी काही बोललं असतं का? नसतं बोललं. एखाद्याने उलट कौतुकच केलं असतं. पण मी कुणाला तशी संधीच दिली नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आई अडीच महिन्यांसाठी माझ्याकडे आली. एकोणसत्तर वर्षांची. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात भांडी लावताना एक टँगो लावला होता. आई कोथिंबीर निवडत होती. हात थांबले तिचे.

“हे अ‍ॅकॉर्डियन नाही, पण त्याच्याच जातीचं काहीतरी आहे बघ,” म्हणाली. मग थोडं ऐकून, “क्लबमधल्या बाईचं गाणं आहे की गं हे.”

स्पॅनिशचा एक शब्द तिला येत नाही. मला ते कळायला दोन वर्षं आणि एक अ‍ॅप लागलं होतं.

“मला ने की तिथं,” असं ती तेव्हापासून म्हणायला लागली. मी चार रविवार टाळलं. हॉल फार गार असतो, तीन तास बसून पाठ धरेल, पार्किंग लांब मिळतं. पाचव्या रविवारी माझ्या मुलीने घोळ केला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या हेलातलं इंग्रजी. “इट्स ओन्ली टेन मिनिट्स, आजी,” म्हणाली, “यू’ल बी ग्रँड.” ग्रँड म्हणजे इथे ‘काही त्रास नाही, मजेत’, हे आईला आठवडाभरात कळलं होतं. ती लगेच आवरायला गेली.

आणि काय नेसून आली? ती काळी टिकल्यांची साडी. सोलापूरहून बॅगेत तळाशी घालून आणली होती. काही टिकल्या गळल्या होत्या, त्या जागी तिने नव्या लावल्या होत्या — जवळून बघितलं तर रंगात फरक दिसायचा. ओठांवर लाल लिपस्टिक. कशासाठी आणली असेल तिने ती साडी परदेशात? मी विचारलं नाही. मी फक्त म्हणाले, वरून कार्डिगन घाल, गारठा आहे. तिने घातलं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या काढून हातावर घेतलं.

त्यात भर म्हणजे त्याच दिवशी आमच्या मंडळातली केतकी आली होती. टँगो बघायचाय म्हणून बरेच दिवस मागे लागली होती. चांगली आहे ती, फक्त दिसेल त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. ती समोरच्या बाजूला बसली, फोन हातात. मला घाम फुटला. हॉल खरंच गार होता, तरी.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. टँगोत कुणी कुणाला तोंडाने ‘नाचतेस का’ असं विचारत नाही. गाणी तीन-तीनच्या गटात लागतात. गट सुरू होताना पुरुष लांबूनच एखादीकडे बघतो. तिने नजर दिली तर तो किंचित मान हलवतो. तिनेही हलवली की ठरलं. नको असेल तर तिने दुसरीकडे बघायचं, कुणाचा पाणउतारा नाही. आणि एक नियम कडक आहे — तो येऊन आपल्यासमोर उभा राहीपर्यंत बाईने खुर्चीवरून उठायचं नाही. कारण लांबून बघताना घोटाळा होतो. शेजारीशेजारी बसलेल्या दोघींना वाटू शकतं, आपल्यालाच. तो जवळ आला की आपोआप कळतं कोणाला ते, आणि दुसरी निमूट बसून राहते. मी नव्या लोकांना हा नियमही शिकवते. शिकवायची हौसच आहे मला.

आईला मी हा शेवटचा नियम सांगितला नव्हता. तिच्यावर वेळ येईल असं मला वाटलंच नव्हतं ना! बाकीचं तिने दहा मिनिटांत स्वतःच ओळखलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हे बरं आहे की. आम्हाला सगळे बघायचे. आम्हाला कुणाकडे बघायची सोय नव्हती.”

आणि मग ती बघायला लागली. मान ताठ, हात मांडीवर. माझी आई म्हणून मी तिला रोज बघत होते — चष्मा शोधणारी, गॅस बंद केला का विचारणारी. ती बाई तिथे नव्हती.

डोनलबद्दल सांगते. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त पोस्टमन, बायको वारलेली. हॉलमधला सर्वांत चांगला नाचणारा तोच, आणि फार चोखंदळ. अख्ख्या दुपारीत चार-पाच जणींकडेच बघायचा. मी दोन वर्षं दर रविवारी त्याच्याकडे बघत होते. दोन वर्षं! नवे बूट घेतले, केस कापले, त्याच्या समोरची खुर्ची पकडून बसले. तो नेहमी हसून नमस्कार करायचा, चहा आणून द्यायचा. बोलावलं कधीच नाही. ह्यात प्रेमबिम काही नव्हतं, गैरसमज नको. मला फक्त त्याने एकदा तसं बघायला हवं होतं.

आता सांगते. सांगायचंच आहे तर — पण आधी एवढं लक्षात घ्या की आम्ही दोघी अगदी जवळ बसलो होतो. आई माझ्या उजव्या हाताला. मध्ये फार तर अर्धा हात. एवढ्या अंतरात चूक होऊ शकते. कुणाचीही होऊ शकते. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! पण मी दिवसभर आकड्यांतला बारीक फरक शोधणारी बाई आहे. मला अर्ध्या हाताचा फरक कळतो.

नवा गट सुरू झाला. पहिल्या चार सुरांत मी गाणं ओळखलं — त्याच बाईचं. समोरून डोनलने आमच्या दिशेने बघितलं. तो आईकडे बघत होता. ह्यात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. आईने नजर दिली. त्याने मान हलवली. आईने हलवली — अगदी थोडी, हनुवटी पुढे करून. मला वाटतं स्टेजवर वादकांना इशारा देतानाची असावी ती. तो चालत निघाला. आईने कार्डिगन खुर्चीवर ठेवलं, एका हाताने निऱ्या सावरल्या आणि उठली. पूर्ण नाही. अर्धी उठली.

आणि मी उठले. पूर्ण उठले. जो नियम मी लोकांना शिकवते तो मोडून, तो आमच्या खुर्च्यांशी पोचायच्या आधी मी चार पावलं पुढे गेले आणि हसून त्याच्यासमोर उभी राहिले.

त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. एक क्षणभर. मी वळून बघितलं नाही. असा माणूस अशा वेळी काय करणार? पन्नास लोकांसमोर बाईला म्हणणार, तू नाही, तुझी आई? त्याने हात पुढे केला. मी तो धरला.

पहिल्या वळणावर मला आई दिसली. ती बसली होती. कार्डिगन मांडीवर घेऊन त्याच्या बाह्या घडी करत होती, अगदी मन लावून. केतकी फोटो काढत होती — माझा.

पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये थोडं बोलायची पद्धत आहे. डोनलने विचारलं, ती तुझी मॅम, म्हणजे आई का? मी म्हणाले, हो, तिला फार आवडलं असतं नाचायला, पण गुडघा अगदी गेलाय तिचा.

आईचा गुडघा ठणठणीत होता. सोलापुरात ती तीन मजले चढून गच्चीवर सांडगे घालायची. हे मला ऐनवेळी सुचलं कसं, ह्याचं मला आजही नवल वाटतं. खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागला नाही, हेच खरं.

तीन गाणी झाली. तो नाचला छानच, सभ्यपणे, आणि माझ्याशी नाचत नसल्यासारखा. गट संपल्यावर बाईला तिच्या जागेपर्यंत पोचवायची रीत आहे, तसा तो मला पोचवायला आला. आईसमोर किंचित वाकला आणि म्हणाला, गुडघ्याला जप हं. इंग्रजीत. आईने माझ्याकडे बघितलं. “काय म्हणाला गं?”

मी म्हणाले, “मी छान नाचते म्हणतोय.”

आईने त्याच्याकडे बघून हात जोडले आणि माझ्या वतीने त्याला थँक्यू म्हणाली.

परत येताना गाडीत तिने कार्डिगन अंगात घातलं. वायपर चालू होते. मग म्हणाली, “मला वाटलं, तो मला बोलवायलाय.” मी रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, “नाही गं आई. तो माझा नेहमीचा पार्टनर आहे. इथे तुझ्या वयाच्या बायकांना असं अनोळखी कुणी बोलवत नाही.” हे दुसरं वाक्य कशाला जोडलं मी? पहिल्यावर भागलं नसतं? त्या हॉलमध्ये तिच्याहून मोठ्या दोघी दुपारभर नाचत होत्या. तिने त्या बघितल्या होत्या.

आई हसायला लागली. “अगं बाई! आणि मी उठले की!” सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने समोरच्या डब्यातून टिश्यू घेतला आणि लिपस्टिक पुसून टाकली. नीट, कडेकडेने.

त्यानंतर ती हॉलमध्ये आली नाही. “तू जा, मी लसूण सोलून ठेवते,” म्हणायची. अजून पाच रविवार होते ती जायला. पाचही रविवारी डोनलने मला विचारलं, तुझ्या मॅमचा गुडघा कसा आहे? आणि पाचही वेळा मी मान हलवून सांगितलं, तसाच आहे हो. शेवटच्या वेळी तो म्हणाला, तिला सांग मी विचारत होतो म्हणून. मी म्हणाले, नक्की सांगेन. ते पण सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो मुलीकडे स्लायगोला राहायला गेला. मध्यंतरी त्याने मला एकदाही नाचायला बोलावलं नाही. हसणंही थोडं कमी झालं होतं का, की मला तसं वाटायचं? त्याला कळलं असणारच. माणूस पोस्टमन होता, कोणतं पत्र कोणाला जायचं होतं ते त्याला कळणार नाही तर कुणाला?

आता कारणाचं. आमच्या फॉर्मवर शेवटचा रकाना कारणाचा असतो, आणि तिथे ‘नजरचुकीने’ असं लिहिलं की मी कागद परत पाठवते. कितीतरी दिवस मी मनातल्या मनात ‘लाज’ असं लिहून मोकळी होत होते. केतकीचा फोन, मंडळाचा ग्रुप, टिकल्यांची साडी, भजनं म्हणणारी आई परक्या माणसाच्या हातात हात घालून — मला लाज वाटली, मी भ्याले. ऐकायला बरं वाटतं. लाजेने केलेल्या गोष्टीबद्दल लोक थोडं हळहळतातही.

पण मला त्या क्षणी केतकी आठवलीसुद्धा नव्हती. मला फक्त एवढंच दिसलं होतं, की मी दोन वर्षं बसले आणि ही दहा मिनिटांत. मला आईचा हेवा वाटला. एकोणसत्तर वर्षांच्या, विधवा झालेल्या, पावसाळी देशात लेकीच्या घरी लसूण सोलणाऱ्या माझ्या आईचा. आणि तो तेव्हाच वाटला असंही नाही. ती आरशासमोर बसून लिपस्टिक लावायची आणि मी दारात उभी राहून बघायचे, तेव्हापासूनचा आहे तो. तिला कोरसमध्ये उभं केलं तेव्हा मी ‘सुटले’ म्हणाले, ते शाळेतल्या मुलांमुळे म्हणाले असं मला आत्ताआत्तापर्यंत वाटत होतं. तिच्याकडे आता कुणी बघणार नाही ह्याचं मला बरं वाटलं होतं. त्या रकान्यात लिहायचं खरं कारण हेच.

आणि तिला हे कळलं का? हा प्रश्न मला खातो. बारा-पंधरा वर्षं ती स्टेजवर होती. दहाव्या रांगेतला माणूस गाणं ऐकायला आलाय की गोंधळ घालायला, हे तिला उभ्या उभ्या समजायचं. बाबा कौतुकाने सांगायचे. त्या बाईला समोरून येणारी नजर कुणासाठी आहे ते कळलं नसेल? मग गाडीत ती हसली कशाला? मला वाचवायला? की तिला खरंच माझं पटलं — की आपलं वय झालं, आपल्याकडे कोण बघणार, आपणच खुळ्यासारखे उठलो? दोन्हींपैकी कोणतं जास्त वाईट, हे मला ठरवता येत नाही. विचारता तर त्याहून येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती बोलता बोलता थांबली की मी पटकन मुलीच्या हातात फोन देते.

लग्नाचं सांगते. गेल्या डिसेंबरात मावसभावाच्या मुलाचं लग्न होतं, सोलापुरात. जेवणं झाली होती, मांडवात खुर्च्यांचं कोंडाळं करून सगळे बसले होते. कुणीतरी आईला म्हणालं, मावशी, ते आयर्लंडचं सांगा की. मला कळेना काय ते. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. ती ते तीन वर्षं सांगत होती — शेजारी, भिशीत, बारशांना, हळदीकुंकवाला.

आई सांगायला लागली, आणि लोक कान देऊन ऐकायला लागले. अजूनही ती माणसांना धरून ठेवते. कसा तो मोठा हॉल, कसे सगळे नुसते बघतात, कशी तिची साडी चमकत होती. डोनलचा तिने अगदी म्हातारा केला होता, पुढचे दोन दात पडलेला. “तो आला की चालत,” आई म्हणाली, “आणि मला मेलीला वाटलं, आपल्यालाच!” मग ती खुर्चीवरून उठली. निऱ्यांना हात, हनुवटी पुढे, अर्धी उठली — तिथेच थबकली, डोळे मोठे केले, आणि हळूहळू खाली बसली. मांडव हसून लोटपोट. लहान मुलं पुन्हा कर, पुन्हा कर म्हणायला लागली. तिने पुन्हा केलं.

“खोटं वाटत असेल तर विचारा हिला,” आई म्हणाली. “ही होती तिथं.”

सगळे माझ्याकडे वळले. आई पण. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ती वाट बघत होती. किती वेळ गेला? दोन सेकंद, तीन. तेवढ्यात मला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं, आणि माझ्याखेरीज ते कुणी सांगू शकत नव्हतं.

मी म्हणाले, “हो ना. अगदी अशीच उठली होती.” आणि सगळ्यांबरोबर हसले.